जपानमधे काही अडलं की पुढे जायचं नाही, खिडकीपाशी जायचं

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात आई-बाबा, बायको आणि दोन मुलं (एक पाच वर्षांचा, एक नऊ वर्षांची) असे सहाजण बारा दिवसांसाठी जपानला जाताय, टूर कंपनीबरोबर नाही, स्वतःचं स्वतः. बाबा पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आईंचे गुडघे दुखतात, भाषा कोणालाच येत नाही. तर नेमकी कुठे कुठे गडबड होते ते आधीच सांगा. मी बरीच वर्षं मराठी मंडळींचे ग्रुप घेऊन जपानला जाते, त्यामुळे लोक कुठे अडकतात ते जवळून बघितलंय, सविस्तरच लिहिते, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी एकच गोष्ट मनात पक्की करा. जपानमधे चूक झाली की ती तिथल्या तिथे जवळजवळ फुकटात सुटते, पण आपण घाबरून किंवा संकोचून पुढे गेलो की महाग पडते. कुठल्याही स्टेशनचं गेट बघा, ऑटोमॅटिक दारांच्या ओळीच्या टोकाला एक खिडकी असते आणि तिथे बहुतेक वेळा युनिफॉर्ममधला माणूस असतो. कार्ड चाललं नाही, चुकीच्या गाडीत बसलो, बॅग गाडीत राहिली, आई दिसत नाही, काहीही झालं तरी पहिलं काम म्हणजे त्या खिडकीपाशी जाणं. इंग्लिश येत नसेल तर तो माणूस फोनवर ट्रान्सलेट ॲप उघडतो नाहीतर कागदावर नकाशा काढून दाखवतो. आपल्याकडची सवय अशी की चुकलो तर टीसी दंड लावेल म्हणून गुपचूप सटकायचं, आणि नेमकी तीच सवय तिथे त्रास देते.

कार्डाचं घ्या. सुइका नाहीतर इकोका असलं एक टॅप करायचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलाला साध्या गाडीत तिकीट नाही, म्हणजे तुमच्या धाकट्याचं कार्ड काढूच नका, नऊ वर्षांच्या मुलीचं मात्र लहान मुलांचं कार्ड काढा, अर्धं भाडं लागतं, त्यासाठी तिचा पासपोर्ट दाखवावा लागतो. टोकियोला उतरलात तर एअरपोर्टवर टुरिस्टांसाठीचं वेलकम सुइका मिळतं, डिपॉझिट नाही, 28 दिवस चालतं, पण उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून एकदम दहा हजार येन भरून ठेवू नका, संपत आले की परत भरा.

आता यात गडबड होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे आत जाताना टॅप झालं आणि बाहेर पडताना गर्दीत कोणाच्या तरी मागोमाग निघून गेलो, किंवा छोट्या स्टेशनला गेटच नव्हतं, नुसता टॅप करायचा खांब होता आणि तो दिसलाच नाही. मग दुसऱ्या दिवशी कार्ड कुठेच चालत नाही, लाल लाईट लागतो, दार बंद होतं आणि मागे शंभर लोक. अशा वेळी परत परत टॅप करत बसू नका, बाजूला व्हा, खिडकीत कार्ड द्या, कुठून बसलो होतो ते स्टेशनचं नाव सांगा, तो पैसे कापून कार्ड मोकळं करून देतो. दुसरी गोष्ट जास्त लोकांना माहीत नसते. ही कार्डं देशभर चालतात हे खरं, पण एकाच प्रवासात एका विभागातून दुसऱ्या विभागात नाही. म्हणजे टोकियोत टॅप करून साध्या गाडीने अतामी नावाच्या स्टेशनच्या पुढे गेलात की उतरताना गेट उघडत नाही, मग रोख पैसे भरायचे आणि मिळालेली चिठ्ठी दाखवून नंतर कार्ड दुरुस्त करून घ्यायचं. अशा लांबच्या प्रवासाला सरळ कागदी तिकीट काढा. आणि कागदी तिकिटात एक छान सोय आहे, ती कळल्यावर आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. भाडं किती ते कळलं नाही तर सगळ्यात कमी किमतीचं तिकीट घेऊन बसा, उतरायच्या स्टेशनवर गेटच्या अलीकडे फरक भरायचं मशीन असतं, त्यात तिकीट टाकलं की राहिलेले पैसे दाखवतं, तेवढे भरायचे, दंड वगैरे काही नाही.

ओसाकाकडून परत येणार असाल तर हा पुढचा परिच्छेद घरी सगळ्यांना वाचून दाखवा, कारण इथे फ्लाईट चुकते. ओसाका स्टेशनहून कान्साई एअरपोर्टला जाणारी साधी जलद गाडी आठ डब्यांची असते आणि वाटेत हिनेनो नावाच्या स्टेशनला तिचे चक्क दोन तुकडे होतात. पुढचे 1 ते 4 डबे एअरपोर्टला, मागचे 5 ते 8 डबे वाकायामाला. एकाच गाडीत, एकाच कुटुंबातले लोक सीट मिळेल तिथे बसले, हिनेनोला गाडी तुटली आणि बायको-मुलं एअरपोर्टला, नवरा सगळ्यांच्या बॅगा घेऊन वाकायामाच्या दिशेला, असं मी डोळ्यांनी बघितलंय. डब्याच्या आतल्या स्क्रीनवर गाडी कुठे जातीय ते इंग्लिशमधेही येतं, पण आपण तेव्हा मोबाईलमधे असतो. बसताना डब्याचा नंबर बघा, मागच्या डब्यात बसला असाल तर हिनेनोला उतरून पुढे चालत जा, तेवढा वेळ मिळतो.

शिंकान्सेनबद्दल, म्हणजे बुलेट ट्रेनबद्दल, थोडक्यात. सात दिवसांचा रेल पास ऑक्टोबर 2023 मधे 29650 वरून एकदम 50000 येनवर गेला, आणि टोकियो ते क्योतो एका बाजूचं तिकीट साधारण 14 हजाराच्या आसपास पडतं, म्हणजे टोकियो-क्योतो-ओसाका एवढंच करणार असाल तर पासाचे पैसे वसूल होत नाहीत, जुने व्हिडिओ बघून घेऊ नका. टोकियोहून जाताना ई सीट मागा, फुजी त्या बाजूला दिसतो, हवा मोकळी असेल तर. मे मधे ढग असतात, मुलांना आधीच खात्री देऊन ठेवू नका.

पण खरा घोळ बॅगांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही मिळून 160 सेंटीमीटरच्या वर गेली की टोकियो-ओसाका मार्गावर त्या बॅगेसाठी ठराविक शेवटच्या सीटा आधी रिझर्व्ह कराव्या लागतात, त्याला जादा पैसे नाहीत, मात्र न करता घेऊन चढलात तर 1000 येन घेतात. आपल्या घरी लग्नात मिळालेली जी सगळ्यात मोठी बॅग असते ती चाकासकट मोजून बघा, हमखास वर जाते. आणि क्योतोला गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते, त्यात गुडघे दुखणाऱ्या आई, पेंगुळलेलं पोर आणि चार मोठ्या बॅगा, हे गणित बसत नाही.

म्हणून ताक्क्यूबिन. हॉटेलच्या काऊंटरवर बॅग द्यायची, फॉर्मवर पुढच्या हॉटेलचा पत्ता, बुकिंगचं नाव आणि चेक-इनची तारीख लिहायची, टोकियोत सकाळी दिलेली बॅग साधारणपणे दुसऱ्या दिवशी क्योतोच्या हॉटेलात येऊन थांबलेली असते. एका मोठ्या बॅगेला दोन ते तीन हजार येनच्या आसपास खर्च. माझ्या मते जपानमधे ज्येष्ठ मंडळींबरोबर फिरताना यापेक्षा चांगले लागलेले पैसे नाहीत, आई-बाबा नुसती पाठीवरची छोटी बॅग घेऊन निवांत चालतात आणि वाटेत एखादं गावसुद्धा बघून होतं. फक्त एका रात्रीचे कपडे आणि सगळ्यांची सगळी औषधं स्वतःजवळ ठेवा. एका काकांनी शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकून पाठवल्या होत्या, रात्री जेवायच्या वेळी लक्षात आलं, काकूंच्या पर्समधे एक स्ट्रिप निघाली म्हणून निभावलं.

औषधांचा विषय निघालाच आहे तर. एक महिन्यापर्यंतची प्रिस्क्रिप्शनची औषधं नेता येतात, त्याहून जास्त असतील तर जाण्याआधी ऑनलाईन परवानगी घ्यावी लागते. पण काही घटकांवर कडक नियम आहेत, सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांच्या वर आणि खोकल्याच्या औषधातलं कोडीन 1 टक्क्याच्या वर असेल तर ते आधी खास परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही. घरातल्या डब्यातून मूठभर गोळ्या उचलून पिशवीत टाकण्याआधी प्रत्येकावरचे घटक वाचा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्लिशमधे घ्या. ताजी फळं, कढीपत्ता असलं काही नेऊ नका, आंब्याचा सीझन आहे म्हणून कोणाकडे पेटी द्यायला तर अजिबात नाही, एअरपोर्टवरच काढून घेतात.

आणि व्हिसा ई-व्हिसा असेल तर लक्षात ठेवा, तो फोनवर इंटरनेट चालू ठेवून लाईव्ह उघडून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट किंवा प्रिंट चालत नाही. सहाजणांचा सहा वेळा. म्हणजे मुंबईत चेक-इनच्या लाईनीत आणि तिकडे उतरल्याबरोबर नेट चालू असणं गरजेचं आहे, रोमिंग किंवा ई-सिम घरूनच सुरू करून निघा.

आता जेवण, कारण बाबांमुळे तुमची ट्रिप यावरच ठरणार आहे. तिकडे मांस नको सांगितलं की मासे येतात, मासे नको सांगितलं की माशाचं पाणी येतं. दाशी नावाचा जो पातळ रस असतो तो बहुतेक पदार्थांच्या बुडाशी असतो आणि तो वाळवलेल्या बोनिटो माशापासून करतात. मिसो सूपमधे दाशी, उडोन म्हणजे जाड नूडल्सच्या रश्श्यात दाशी, टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी सुशी दिसायला शाकाहारी पण तो टोफू शिजवलेला दाशीत, तेंपुरा म्हणजे भाज्यांची भजी, त्यासोबतच्या सॉसमधे दाशी. भाजीची करी म्हणून जी मिळते तिच्या मसाल्यात बऱ्याचदा गाईची चरबी नाहीतर डुकराचा अर्क असतो, काही ब्रेडमधेसुद्धा चरबी असते. हे सांगून घाबरवायचं नाहीये, पण वेटर मान हलवतो म्हणून शाकाहारी आहे असं समजू नका, त्याच्या दृष्टीने रसातला मासा हा मासा नसतोच, तो फसवत नसतो.

उपाय आहेत आणि चांगले आहेत. एक, जपानी भाषेत छापलेलं कार्ड करून घ्या, त्यात मांस, चिकन, मासे, कोळंबी, अंडी, माशाचा दाशी आणि मांसाचा अर्क असं एक एक नाव घालून लिहा, नुसतं 'व्हेजिटेरियन' नको. रेस्टॉरंटमधे बसण्याआधी दारातच दाखवा, त्यांना जमणार नसेल तर ते वाकून स्पष्ट नाही सांगतात, वाईट वाटून घेऊ नका, तो नकार म्हणजे बाबांची काळजीच असते. दोन, कोन्बिनी, म्हणजे चोवीस तास उघडी असलेली छोटी दुकानं. तिथे नुसत्या मिठाचा भाताचा गोळा, उमेबोशीचा म्हणजे आंबट-खारट फळ घातलेला गोळा, केळी, भाजलेलं रताळं, दही, शेंगदाणे, सोया दूध सगळं मिळतं. पाकिटाची मागची बाजू ट्रान्सलेट ॲपच्या कॅमेऱ्याने वाचायची, उमेबोशीवालासुद्धा, कारण कधी कधी त्यातही मासा असतो. तीन, भारतीय रेस्टॉरंटं. आता बऱ्याच शहरांत आहेत, बरीचशी नेपाळी मंडळी चालवतात, नान आणि डाळ-भाजी मिळते. टोकियोत निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबं खूप आहेत, वाणसामानाची दुकानंही आहेत, हा भाग ज्या एदोगावा वॉर्डात येतो त्याच्या स्थानिक सभेवर आपले मराठी योगेंद्र पुराणिक 2019 मधे निवडून आले होते. बाबांना दोन-तीन दिवसांनी वरण-भाताची आठवण व्हायला लागली की तिकडे एक संध्याकाळ ठेवा.

चौथा उपाय म्हणजे घरून नेलेलं, आणि इथे एक नेहमीची फजिती. आपण छोटी इलेक्ट्रिक किटली नाहीतर भाताचा छोटा कुकर घेऊन जातो. जपानमधे 100 व्होल्ट वीज आहे. आपली 230 व्होल्टची किटली तिथे बिघडत नाही, पण जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या ताकदीने चालते, हजार वॉटची असेल तर दोनशेसुद्धा नाही, पाणी उकळायला फार वेळ लागतो. लोकांना वाटतं पिन नीट बसली नाही, मग अडॅप्टर बदलत बसतात. मोबाईल, लॅपटॉपचे चार्जर व्यवस्थित चालतात, त्यांना फक्त दोन चपट्या पट्ट्यांची पिन लागते. हॉटेलच्या खोलीत बहुतेक ठिकाणी किटली असतेच, तिचं उकळतं पाणी घालून होणारा उपमा, पोहे, मेतकूट-भात असं न्या. त्या किटलीत थेट मॅगी किंवा खिचडी मात्र शिजवू नका, पुढच्या माणसाला तीच वापरायची असते.

संडासांबद्दल मला फार लोक हळू आवाजात विचारतात म्हणून मोकळेपणाने लिहिते. सगळीकडे स्वच्छ असतात, स्टेशनवर, बागेत, कोन्बिनीत, आणि पाण्याचा फवारा असल्यामुळे आपल्या लोकांना युरोपपेक्षा इथे बरं वाटतं. बटणं बरीच असतात, 2017 पासून चिन्हं एकसारखी ठरवली आहेत, चौकोन म्हणजे फवारा बंद, तेवढं आईंना दाखवून ठेवा. मदतीला बोलवायचं बटण वेगळं असतं, ते फ्लश समजून दाबलं की बाहेर बेल वाजून माणूस धावत येतो, झालंच तर दार उघडून हसून मान झुकवायची, कोणी रागावत नाही. हात पुसायला कागद बऱ्याच ठिकाणी नसतो, प्रत्येकाच्या खिशात छोटा रुमाल द्या. आणि कचऱ्याचे डबे रस्त्यावर जवळपास नसतातच, केळ्याच्या सालींसाठी एक पिशवी बॅगेत ठेवा.

आईंच्या गुडघ्यांसाठी दोन गोष्टी. स्टेशनात लिफ्ट असते पण ती ठराविक एक-दोन एक्झिटांपाशीच, म्हणून आधी लिफ्टची खूण बघा आणि मग एक्झिट ठरवा, उलटं केलंत तर रोज शेकडो पायऱ्या होतात. शिंजुकूसारख्या स्टेशनला दोनशेच्या आसपास एक्झिट आहेत, तिथे 'बाहेर भेटू' असं ठरवलं तर भेट होत नाही, एक्झिटचं नाव-नंबरच ठरवा, आणि आई-बाबांच्या खिशात हॉटेलचं जपानी अक्षरातलं कार्ड रोज ठेवा. क्योतोच्या शहर बसमधे मागच्या दाराने चढायचं, पुढून उतरायचं, पैसे उतरताना, आणि दुपारी त्या इतक्या भरलेल्या असतात की गुडघेदुखीवाल्यांनी सबवे नाहीतर टॅक्सी घ्यावी. टॅक्सीचं दार ड्रायव्हर उघडतो आणि बंद करतो, आपण ओढायला जायचं नाही.

वस्तू हरवली तर आशा सोडू नका, हे मी अगदी मनापासून सांगते. एका काकूंची पर्स, आत पासपोर्ट आणि रोख, शिंकान्सेनच्या वरच्या फळीवर राहिली होती. आम्ही खिडकीत गाडीचा नंबर, डबा आणि सीट सांगितली, त्यांनी पुढे फोन केला, संध्याकाळपर्यंत शेवटच्या स्टेशनवर पर्स मिळाली, आतली एक नोट हललेली नव्हती. हे जमतं ते डबा आणि सीट सांगता आली म्हणून, तेव्हा प्रत्येक तिकिटाचा फोटो काढून ठेवा. रस्त्यात हरवलं तर कोबान, म्हणजे कोपऱ्या-कोपऱ्यावरची छोटी पोलीस चौकी. पोलीस 110, ॲम्ब्युलन्स 119. कॉइन लॉकरमधे बॅग ठेवलीत तर लॉकरचा आणि जवळच्या एक्झिटच्या पाटीचा फोटो, कारण लॉकर नंतर सापडत नाही ही अगदी रोजची गोष्ट आहे.

एवढं सगळं अडचणींचं लिहिलं, पण तुम्ही स्वतःचं स्वतः जाताय याचा मला खरंच आनंद वाटतो, कारण मोठ्या ग्रुपला ज्या गोष्टी नीट दाखवता येत नाहीत त्या तुम्हाला बघता येतील. टोकियोत आसाकुसाला सगळे जातात ते मोठ्या लाल कंदिलाचं देऊळ बघायला. तिथून थोडं चालत गेलं की मात्सुचियामा शोदेन नावाचं टेकाडावरचं छोटं देऊळ आहे, तिथला देव म्हणजे कांगितेन, आपला गणपती. मूर्ती झाकलेली असते, दर्शन होत नाही, पण नैवेद्याला मुळा वाहतात, अख्खा पांढरा जाडजूड मुळा, देवळातच विकत मिळतो, आणि सगळीकडे मुळ्याच्या जोडीची नक्षी कोरलेली आहे. आपल्याकडे मोदक आणि तिकडे मुळा, मुलांना हे फार आवडतं. टोकियोतल्याच उएनोच्या तळ्यातलं बेंतेन-दो म्हणजे सरस्वतीचं देऊळ. नारा शहरातल्या तोदाईजी देवळातल्या मोठ्या बुद्धाचे डोळे 752 साली ज्याने रंगवून उघडले तो बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू होता, हे तिथे उभं राहून बाबांना सांगा.

आणि एक रात्र कोयासानला ठेवा, बाबांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. ओसाकाच्या नांबा स्टेशनहून नानकाई कंपनीच्या गाडीने गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून केबल कारने डोंगरावर. 816 मधे कूकाई नावाच्या भिक्षूंनी वसवलेलं बौद्ध पीठ आहे, मठातच राहायचं. भिक्षूंचं जेवण शोजिन र्योरी असतं, मांस-मासे नाहीत, कांदा-लसूण नाही, दाशीसुद्धा समुद्री वनस्पतीचा आणि मशरूमचा. बाबा तिथे काही न विचारता ताटातलं सगळं जेवू शकतील, तरी बुकिंग करताना अंडं-मासे नको हे लिहाच. रात्रीचं जेवण साडेपाच-सहालाच वाढतात, पाचपर्यंत पोचलं पाहिजे, उशीर झाला तर जेवण जातं आणि डोंगरावर रात्री बहुतेक दुकानं बंद असतात. तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, सप्टेंबर 2015 मधे महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं. आपले लोक तिथे पोचले की पाया पडतात, फोटो काढतात आणि मग बराच वेळ तिथून हलत नाहीत.

तारखांचं तेवढं बघा. 29 एप्रिल ते 5 मे तिकडे सुट्ट्यांचा आठवडा असतो, हॉटेलं दुप्पट महाग, नोझोमी म्हणजे सगळ्यात जलद शिंकान्सेन गाड्यांमधे रिझर्व्हेशनशिवाय बसताच येत नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो. म्हणजे साधारण 8 मे नंतर निघून महिनाअखेरीला परत या. तुमची फ्लाईट टोकियोच्या हानेदा एअरपोर्टला उतरतीय की नारिताला, आणि किती वाजता, ते लिहिलेलं नाहीये. रात्री उशिरा नारिताला उतरणार असाल तर शहरात हॉटेल घेऊ नका, शेवटची गाडी चुकते आणि टॅक्सी फार महाग पडते. वेळ कळवलीत तर पहिल्या रात्री कुठे राहायचं ते सांगते.